टेरियरच्या राठ केसांना मशीन लावण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले की पाळीव प्राण्यांच्या काळजीवरचा मजकूर वर्तमानपत्रांतून येऊ लागतो आणि त्यात एक सल्ला ठरलेला असतो: कुत्र्याचे केस बारीक करून घ्या. लॅब्रॅडोर असो, पॉमेरियन असो, शिह त्झू असो की टेरियर, सगळ्यांना एकच माप. पार्लरमध्येही ‘समर कट’ म्हटले की लगेच मशीन फिरते. आम्ही राठ केसांचे टेरियर पाळणारे आणि त्यांच्या कोटाचे, म्हणजे अंगावरच्या केसांच्या थराचे, काम हाताने करणारे काही जण आहोत. इतर कुत्र्यांबद्दल पशुवैद्य आणि जाणकार सांगतीलच. या एका प्रकारच्या कुत्र्यांना मात्र हा सल्ला लागू नाही, आणि तो का लागू नाही हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी कोणते कुत्रे ते सांगतो. वायर फॉक्स टेरियर, एअरडेल, वेल्श, लेकलंड, आयरिश, बॉर्डर, केर्न, स्कॉटिश (स्कॉटी), वेस्ट हायलंड व्हाइट (वेस्टी), नॉरफोक, नॉरिच, आणि जॅक रसेल व पार्सन रसेलमधले राठ केसांचे कुत्रे. आपल्या शहरांत बऱ्याच घरी दिसणारा मिनिएचर श्नाउझर अमेरिकेत टेरियर गटात मोडतो, ब्रिटनमध्ये मोडत नाही. पण कोट त्याच जातकुळीचा. राठ केसांचा डॅशहुंडही याच रांगेतला. दाट भुवया, मिशा आणि दाढी ही या सगळ्यांची खूण. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कुत्र्यांच्या कोटाचे बहुतेक प्रकार तीन जनुकांवरून उलगडले. त्यांतले आरएसपीओ2 हे जनुक राठ केस आणि दाढी-मिशांशी जोडलेले आहे. उलट केरी ब्लू, सॉफ्ट-कोटेड व्हीटन आणि बेडलिंग्टन हे नावाने टेरियर असले तरी त्यांचे केस मऊ असतात आणि ते कात्रीनेच आकारात ठेवायचे असतात. यॉर्कशायरचा कोट रेशमी. या कुत्र्यांचे केस उपटायला जाऊ नये.

राठ कोट दुपदरी असतो. वर कडक, तारेसारखे जाड केस आणि खाली मऊ, दाट लव. वरचा एक केस काढून उजेडात धरला तर त्याची घडण कळते: टोकाशी निमुळता, मधे जाड आणि गडद, मुळाशी पुन्हा बारीक, मऊ आणि फिकट. यांतले बहुतेक टेरियर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कोल्ह्यांच्या आणि इतर जनावरांच्या बिळांत शिरण्यासाठी, काट्याकुट्यांतून आणि ओढ्यांतून काम करण्यासाठी वाढवले गेले. एअरडेलचे नावच यॉर्कशायरमधल्या एअर नदीच्या खोऱ्यावरून पडले. कडक केसांवर पाणी ठरत नाही, चिखल वाळून झडतो, काटा कातडीपर्यंत पोहोचत नाही. तो केस पूर्ण वाढला की त्याचे मूळ केसपुटात, म्हणजे कातडीतल्या केस उगवण्याच्या छिद्रात, सैल होते आणि पिकलेले पान देठातून सुटावे तसा तो हलक्या हाताने सुटतो. मोकळ्या रानात हे काम झाडाझुडपांशी घासून बरेचसे आपोआप होई. फ्लॅटमध्ये ते माणसाला करावे लागते. पिकलेले केस असे हाताने उपटण्यालाच स्ट्रिपिंग म्हणतात.

मशीन काय करते? केस वरून कापते. जाड, गडद भाग जमिनीवर पडतो आणि मुळाकडचा बारीक, फिकट तुकडा जागेवर राहतो. मेलेला केस केसपुटातच अडकून राहतो, त्यामुळे तिथे नवा कडक केस येण्याची घाई उरत नाही. खालची लव मात्र वाढत राहते. दोन-तीन वेळा असे झाले की एअरडेलच्या पाठीवरचे काळे खोगीर राखाडी होते, वेल्शचा तांबूस रंग पिवळट पडतो आणि हाताला लोकरीसारखे काहीतरी लागते. मशीन लावल्याने कुत्र्याच्या जिवाला धोका होतो असे आमचे म्हणणे नाही. जाते ते त्या केसांचे काम. मऊ झालेला कोट पाणी धरून ठेवतो, त्यात कुसळे अडकतात, काखेत आणि कानामागे गुंते होतात, आणि पावसाळ्यात तो आतपर्यंत वाळत नाही. मग खाज आणि वास. मालक पुन्हा पार्लरमध्ये जातो, पुन्हा मशीन लागते आणि कोट आणखी मऊ होतो.

केस कापले की कुत्र्याला गार वाटेल, ही समजूत माणसाच्या अनुभवावरून आलेली आहे. माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होते. कुत्र्याला असा घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांना येतो. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. राठ कोटातून हवा खेळायला हवी असेल तर अडथळा असतो तो मेलेल्या लवेचा. ती विंचरून काढा, पिकलेले केस उपटा, म्हणजे उरलेला आखूड, कडक थर उन्हापासून सावलीही देतो. वेस्टी किंवा पांढऱ्या फॉक्स टेरियरची गुलाबी कातडी झिरो मशीनने उघडी पाडून त्याला विदर्भातल्या मे महिन्यात फिरवले तर ती भाजते. गार राहण्यासाठी सावली, पाणी, आणि सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर फिरणे, याला पर्याय नाही.

पार्लरवाले मशीन का लावतात, हेही उघड आहे. नीट सांभाळलेल्या फॉक्स टेरियरचे पूर्ण स्ट्रिपिंग सवयीच्या हातालाही दोन ते चार तास घेते, एअरडेलला त्याहून बरेच जास्त. मशीनचे काम अर्ध्या तासात होते. स्ट्रिपिंग शिकवणारी माणसे कमी, आणि त्याचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक बिचकते. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण गिऱ्हाइकाला न विचारता मशीन लावणे समजण्यासारखे नाही. ‘आमच्याकडे हाताने केस काढत नाहीत’ एवढे सांगितले तरी मालक दुसरीकडे चौकशी करू शकतो किंवा स्वतः शिकू शकतो. शिकणे अवघड नाही, वेळखाऊ आहे.

कोट काढायला आला आहे का, हे आधी पाहावे. पाठीवरचे लांबातले लांब चार-पाच केस टोकाशी चिमटीत धरून, ते ज्या दिशेने पडले आहेत त्याच दिशेने ओढावेत. सहज सुटले आणि कुत्र्याने मान वळवूनही पाहिले नाही तर कोट पिकला आहे. केस हाताला अडले, कातडी तंबूसारखी वर आली, तर अजून थांबावे. पाठीच्या कण्यावर केसांना आपोआप भांग पडू लागणे, कोट विस्कटलेला आणि निस्तेज दिसणे, ही बाहेरून ओळखायची लक्षणे.

सामान फारसे लागत नाही. कमरेइतक्या उंचीचे, न हलणारे टेबल आणि त्यावर न घसरणारी रबरी चटई. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला धातूचा कंगवा. नोटा मोजताना बोटांवर चढवतात त्या रबरी टोप्या. अंगठा आणि तर्जनी यांना त्या घातल्या की पकड दुप्पट होते. टोप्या नसतील तर खडूची पूड किंवा टाच घासायच्या सच्छिद्र दगडाचा छोटा तुकडा चालतो. स्ट्रिपिंग नाइफ म्हणून मिळते ती दातेरी पट्टी नावाला सुरी आहे. तिने कापायचे नसते, केस धरायचा असतो. मोठ्या दात्यांची पाठीला, बारीक दात्यांची डोके, कान आणि लवेसाठी. डावखुऱ्यांनी डाव्या हाताची मागून घ्यावी. नवी सुरी धारदार असते, म्हणून तिचे दाते आधी दगडावर किंवा बारीक पॉलिश पेपरवर घासून बोथट करावेत. पहिले काही महिने मात्र सुरीला हातच लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पिकलेला केस आणि न पिकलेला केस यांतला फरक बोटांना कळतो, पट्टीला कळत नाही.

कामाच्या आधी आठवडाभर तरी कुत्र्याला आंघोळ घालू नये. धुतलेला केस निसटतो, थोडा मळलेला हातात बसतो. सुरुवातीला सगळा कोट कातडीपर्यंत विंचरून घ्यावा आणि गुंते सोडवावेत. मग खांद्यांच्या मागून, पाठीवर सुरुवात करावी, कारण तिथली कातडी सगळ्यांत सोशीक असते. डाव्या हाताने जिथे ओढायचे त्याच्या लगेच वरची कातडी ताणून धरायची. उजव्या हाताने सात-आठ केस, टोकाकडून धरायचे, मुळाशी नव्हे, आणि केसाच्या दिशेनेच छोटा, सरळ झटका द्यायचा. मनगट ताठ ठेवून हालचाल कोपरातून यायला हवी. मनगट वळले की केस तुटतो. वाकडे किंवा उलट्या दिशेने ओढले की दुखते. एका जागी खणत न बसता हात पुढे सरकवत राहावा. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ, मग बरगड्या, मग खांदे आणि मांड्यांची बाहेरची बाजू. नवशिक्याने वीस-पंचवीस मिनिटांत थांबावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी करावे. आठवडाभरात तुकड्या-तुकड्यांनी काम पुरे झाले तरी कोटाचे काही बिघडत नाही.

आपण उपटतोय की कापतोय, हे तपासायची सोपी रीत आहे. काढलेले केस काळ्या कुत्र्याचे असतील तर पांढऱ्या कागदावर, पांढऱ्याचे असतील तर काळ्यावर ठेवून पाहावेत. मुळाकडचे टोक बारीक आणि फिकट असेल तर केस मुळापासून निघाला. टोक सपाट, चौकोनी दिसले तर तो सुरीने कापला गेला, आणि असे कापणे मशीनपेक्षा वेगळे नाही. सुरी वापरताना केस पट्टी आणि अंगठा यांच्या मधे धरून पट्टी कातडीला समांतर ठेवायची. ती उभी झाली किंवा हातात फिरली की कापते. ‘आम्ही हातानेच केले’ असे सांगून धारदार सुरीने कोट छाटून दिलेले कुत्रे बरेच दिसतात. चार आठवड्यांनी त्यांची पाठ मऊ झाली की मालकाला वाटते, स्ट्रिपिंगचा काही उपयोग नाही.

याने कुत्र्याला दुखते का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुत्राच देतो. पिकलेला केस सुटताना बहुतेक कुत्रे झोपाळतात. कातडी थरथरणे, वारंवार ओठ चाटणे, मागे वळून हाताकडे पाहणे, पाठ वाकवणे ही थांबायची सूचना आहे. कातडी लाल झाली तर केस तयार नव्हते किंवा एकाच जागी फार ओढले. पोट, जांघा, काखा, गुदद्वाराभोवतीचा आणि जननेंद्रियांचा भाग इथे उपटायचेच नाही. तिथली कातडी पातळ असते. तिथे बोथट टोकाची कात्री किंवा मशीन हेच योग्य. पंजांच्या गाद्यांमधले केसही कात्रीनेच, गाद्यांच्या पातळीला आणावेत, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि पावसाळ्यात तिथे ओल साचते. कानाच्या पाळीवरचे केस बोटांनी हलके उपटता येतात, कडा मात्र छोट्या कात्रीने. कानाच्या नळीतले केस पशुवैद्याने सांगितल्याखेरीज ओढू नयेत.

पाय आणि दाढी वेगळी. तिथे सगळे काढायचे नसते. बाहेर डोकावणारी टोके तेवढी उपटायची. फॉक्स टेरियर, वेल्श, लेकलंड आणि एअरडेल यांचे पाय खांबासारखे सरळ दिसतील एवढे केस ठेवतात, डोक्याचा माथा, गाल आणि गळा आखूड करतात, भुवया डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे निमुळत्या करतात आणि दाढी पुढे विंचरतात. बॉर्डर टेरियरला हे काही लागत नाही: त्याचा सगळा कोट, डोक्यासकट, वर्षातून दोनदा लवेपर्यंत उतरवायचा, पाणमांजरासारखे दिसणारे डोके हीच त्याची ओळख. केर्न कोरीव दिसता कामा नये. कानांची टोके, पंजे आणि शेपूट नीटनेटके केले की पुरे. स्कॉटीला पोटाखालचा केसांचा घेर राखतात. नव्या मालकाने आधी बॉर्डर किंवा केर्नचा कोट हाताळून पाहावा. फॉक्स टेरियरची रेषा डोळ्यात बसायला वेळ लागतो.

कोट ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पिकलेला सगळा कोट एकदम उतरवतात. काही आठवडे कुत्रा लवेच्या बंडीत असल्यासारखा दिसतो आणि आठ ते बारा आठवड्यांत नवा कोट भरतो. दुसरीत दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे बसून फक्त लांब झालेले केस काढतात. त्यामुळे वेगवेगळ्या वयाचे थर सतत उगवत राहतात, कातडी कधीच उघडी पडत नाही आणि कुत्रा वर्षभर सारखा दिसतो. याला रोलिंग कोट म्हणतात. घरच्या कुत्र्यासाठी आम्हाला हीच पद्धत अधिक चांगली वाटते. ज्यांना दर आठवड्याला जमणार नाही त्यांनी आपल्या हवेचा हिशेब करून दोन वेळा धराव्यात. फेब्रुवारीच्या मध्यावर कोट उतरवला तर मे महिन्याच्या उन्हात अंगावर आखूड, कडक थर असतो आणि जूनमध्ये पहिला पाऊस येईपर्यंत पाणी झटकणारा कोट तयार होतो. दुसरी वेळ ऑक्टोबरच्या सुरुवातीची. डिसेंबरच्या थंडीपर्यंत तो भरतो. सगळ्यांत चुकीची वेळ म्हणजे एप्रिलचा शेवट: ऐन उन्हात कातडी उघडी आणि पावसात कोट अर्धवट. श्वानप्रदर्शनांत उतरणाऱ्यांनी दिवस उलटे मोजावेत. पाठ आठ-दहा आठवडे आधी, मान त्यानंतर, डोके आणि गळा शेवटी, म्हणजे सगळे एका वेळी हव्या त्या लांबीला येतात.

खालची लवही विसरून चालत नाही. वरचे केस निघाले की ती दाटलेली दिसते. बारीक दात्यांची सुरी किंवा मशीनचे जुने, बोथट झालेले पाते कातडीला आडवे टेकवून केसांच्या दिशेने हलके ओढले की सैल लव निघते. पाते दाबायचे नाही. सगळी लव काढायचीही नाही, कारण कातडीचे पहिले पांघरूण तेच. नव्या कोटाला चमक नसण्याचे, तो पाठीवर सपाट न बसता फुगण्याचे कारण बहुतेक वेळा ही साचलेली लव असते.

कोट उतरवल्यानंतर दोन-तीन दिवस केसपुटे उघडी असतात. त्या दिवसांत आंघोळ, माती, पोहणे आणि अंगावर थेंब टाकायची गोचिडांची औषधे टाळावीत. हत्यारे आधी आणि नंतर स्पिरिटने पुसावीत. मळक्या सुरीमुळे कातडीवर पुटकुळ्या उठतात. दोन दिवसांत त्या बसल्या नाहीत किंवा त्यांत पू दिसला तर घरगुती मलमे न लावता पशुवैद्याकडे न्यावे. आपल्याकडे केसांना खोबरेल तेल चोपडायची सवय कुत्र्यापर्यंत पोहोचते. राठ कोटाला तेल लावू नये: केस निसरडे होतात, धूळ चिकटते आणि कुत्रा ते चाटत बसतो. कंडिशनरही नको, तो याच कोटाचा कडकपणा मारतो. माणसांचे शाम्पू आम्लधर्मी असतात, कुत्र्याची कातडी उदासीनतेच्या जवळची. म्हणून कुत्र्यांसाठीचाच सौम्य शाम्पू वापरावा, तोही महिना-दीड महिन्यातून एकदा. एरवी चिखल वाळू द्यावा आणि विंचरून झाडावा. रोजच्या आंघोळीने हा कोट स्वच्छ होत नाही, खराब होतो.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत खरी कसोटी लागते. फिरून आल्यावर टॉवेलने आधी पोट, काखा आणि बोटांच्या फटी टिपाव्यात, मग पाठ. ड्रायर लावायचा तर गार हवेवर. दाढी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. दहीभात किंवा रस्सा दाढीत वाळला की आंबूस वास येतो आणि ओलाव्यात यीस्ट वाढते. लाळेतल्या रंगद्रव्याने पांढऱ्या दाढीला तांबूस छटा येते, ती नुसती दिसण्याची बाब. पण वेस्टीचे पंजेही तसेच तांबूस होऊ लागले तर तो सतत चाटतो आहे असे समजावे. या जातीत कातडीची ॲलर्जी बरीच आढळते. तिथे कोटाचे काम थांबवून आधी उपचार करावेत. गोचीड कडक केसांत वरून दिसत नाही. रोज बोटांनी चाचपून पाहण्याच्या जागा ठरलेल्या: कानाच्या आत व मागे, दाढीखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या मधे. गोचिडांमुळे होणारे एर्लिचिया आणि बॅबेसियाचे ताप जिवावर बेततात, त्यामुळे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वर्षभर चालू ठेवावे. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले औषध आणू नये, मांजराला ते विषारी आहे.

मशीन कुठे योग्य, हेही सांगितले पाहिजे. म्हातारा, सांधे दुखणारा, हृदयविकाराचा किंवा हात लावला तरी घाबरणारा कुत्रा तासभर टेबलावर उभा करणे हा त्याच्यावर जुलूम आहे. कातडीचा संसर्ग, गाठी, शस्त्रक्रियेची जखम असेल तेव्हाही उपटू नये. नसबंदीनंतर काही कुत्र्यांचा कोट इतका लोकरी होतो की केस सुटतच नाहीत. अशा वेळी मशीन लावावी, पण 10 नंबरचे पाते नव्हे. ते दीड मिलिमीटर केस ठेवते. 4एफ पाते सुमारे साडेनऊ मिलिमीटर ठेवते, 5एफ सहाच्या आसपास. मशीन केसांच्या दिशेनेच फिरवावी, आणि पाते दर काही मिनिटांनी आपल्या मनगटाला लावून पाहावे. तापलेल्या पात्याने जांघेत भाजते. नंतर आठवड्यातून एकदा बारीक सुरीने सैल लव काढत राहिले तर कोट पूर्ण लोकरी होत नाही.

पिल्लू घरी आल्यापासूनच त्याला टेबलाची सवय लावावी. पाच मिनिटे उभे करायचे, कान-पाय-दाढीला हात लावायचा, कंगवा फिरवायचा, खाऊ द्यायचा आणि खाली उतरवायचे. चौथ्या-पाचव्या महिन्यात डोक्यावरची आणि कानांवरची पिल्लाची लव सैल होते, ती बोटांनी काढायला घ्यावी. मोठ्या कुत्र्याला ही सवय नव्याने लावायला बरेच कष्ट पडतात. टेबलावर गळ्यात फास अडकवून कुत्र्याला एकटे सोडू नये, क्षणभरही नाही; उडी मारली तर मान अडकते.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच की यापुढे उन्हाळ्यातल्या काळजीचा मजकूर छापताना कोटाचे प्रकार वेगळे करून छापावेत, आणि ‘केस बारीक करा’ या वाक्याआधी ‘कोट राठ असल्यास मशीन लावू नका, आधी जाणकाराला विचारा’ ही एक ओळ घालावी. ग्रूमिंगचे वर्ग चालवणाऱ्यांनी स्ट्रिपिंग अभ्यासक्रमात घ्यावे. पार्लरमध्ये कुत्रा सोडताना मालकांनी विचारावे: हाताने काढणार की मशीनने, सुरी बोथट केलेली आहे का, पोट आणि जांघा कशाने करणार, काम एका बैठकीत करणार की दोन. ज्याला ही उत्तरे देता येतात त्याने जास्त पैसे मागितले तर ते द्यावेत, तो तासांचे काम करतो आहे.

ज्यांच्या कुत्र्याला याच महिन्यात मशीन लागली आहे त्यांनी निराश होऊ नये. पुढचे तीन-चार महिने काहीही न कापता केस वाढू द्यावेत, दर आठवड्याला लव विंचरून काढावी. मऊ, फिकट केसांत अधूनमधून गडद, कडक केस दिसू लागतील; ते पिकेपर्यंत हात लावू नये आणि भोवतालचे मऊ केस बोटांनी, थोडे-थोडे, कमी करत जावे. पहिल्या फेरीत केस सहज सुटत नाहीत, म्हणून बैठक दहा मिनिटांचीच ठेवावी. दोन-तीन फेऱ्यांनंतर, साधारण वर्षभरात, बहुतेक तरुण कुत्र्यांच्या पाठीवर पुन्हा कडक कोट येतो. वर्षानुवर्षे मशीन लागलेल्या किंवा नसबंदी झालेल्या कुत्र्यांत तो पूर्वीइतका येत नाही. सुरुवात पाठीपासून करावी, तिथे फरक सगळ्यांत आधी दिसतो.

आपले,
राठ केसांचे टेरियर पाळणारे काही वाचक
पुणे